आरशावरचा डाग : प्रूफ नाण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेल्या पत्रांत दुखणे एकच आहे. हौसेने घेतलेले प्रूफ नाणे, प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत, म्हणजे कॅप्सूलमध्ये, जपून ठेवलेले, आणि तरी त्यावर डाग. प्रूफ नाणे म्हणजे घोटून आरशासारख्या केलेल्या चकतीवर, तितक्याच घोटलेल्या ठशाने, दोन किंवा अधिक वेळा दाब देऊन पाडलेले नाणे. त्याची सपाट पार्श्वभूमी लख्ख आरसा असते आणि उठावाचे चित्र बहुधा दुधी, दव पडल्यासारखे. चलनातल्या नाण्यावर जो ठिपका कोणाच्या लक्षातही येत नाही, तो या आरशावर हातभर अंतरावरून दिसतो. मग उपायाची घाई होते, आणि डागाने झाले नसते एवढे नुकसान उपायाने होते.

प्रश्न : माझ्याकडे ९९.९ टक्के शुद्ध चांदीचे प्रूफ नाणे आहे. कॅप्सूल कधीही उघडलेली नाही. तरीही कडेने पिवळसर झाक आली आहे आणि मधल्या आरशावर तीन-चार बारीक काळे ठिपके दिसतात. हे काय आहे आणि जाईल का?

आधी कॅप्सूल न उघडता पाहणी करा. डाग नाण्यावर आहे की कॅप्सूलच्या प्लास्टिकवर, हे सर्वांत पहिले. कॅप्सूल हलकेच तिरपी केली की प्लास्टिकवरचा डाग नाण्यावरच्या अक्षरांच्या तुलनेत सरकल्यासारखा दिसतो, नाण्यावरचा मात्र जागचा हलत नाही. त्यानंतर खोलीतला इतर उजेड कमी करून एकच दिवा ठेवा, १० पट भिंग घ्या आणि नाणे सावकाश कलते करत पाहा. समोरून सरळ पाहिले तर आरशात तुमचाच चेहरा दिसेल, डाग कळणार नाही.

डाग तीन जातींचे असतात. पहिला वर बसलेला : धुळीचा कण, तेलकट पापुद्रा, प्लास्टिकमधून उतरलेला चिकटा. याच्या कडा पुसट असतात, आणि उजेड योग्य कोनात आला की त्याच्याखाली आरसा तसाच चालू असलेला दिसतो. दुसरा धातूतूनच उगवलेला : चांदीने हवेतल्या कशाशी तरी संयोग करून तयार केलेला नवा पदार्थ. तिसरा धातूत रुतलेला : चकती लाटताना किंवा ठसा पडताना दाबला गेलेला परका कण, किंवा त्या कणाने सोडलेला खळगा. पहिला काढता येतो. दुसरा काढता येतो, पण त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते. तिसऱ्याला हात लावण्यात अर्थ नाही. पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे.

आता तुमची पिवळी झाक. चांदी 'ऑक्सिडाइज झाली' असे आपण सहज बोलून जातो, पण नेहमीच्या तापमानाला चांदीला प्राणवायूचे फारसे सोयरसुतक नसते. तिला बाधतो तो गंधक. हवेतला हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग इतका थोडा असला तरी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. थर अतिशय पातळ असताना उजेडाच्या किरणांची त्यात सरमिसळ होऊन रंग दिसतात, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे. क्रम साधारण ठरलेला असतो : आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस-जांभळा, निळा, आणि थर जाड होत गेला की शेवटी करडा-काळा. म्हणजे रंगावरून बाधा किती पुढे गेली आहे ते कळते. तुमचे नाणे पहिल्याच पायरीवर आहे. कडेपासून सुरुवात होते, कारण कॅप्सूल हवाबंद नसते. दोन अर्धी जिथे जुळतात त्या फटीतून वायू आत शिरतो आणि आधी कड गाठतो.

काळ्या ठिपक्यांचे कारण वेगळे. भिंगाखाली ठिपक्याच्या मध्यभागी गडद टिंब आणि भोवती तपकिरी, पिवळे किंवा निळे कडे दिसते का ते पाहा. दिसत असेल तर मध्ये काहीतरी पडलेले आहे : त्वचेचा पापुद्रा, पुठ्ठ्याची धूळ, किंवा नाण्यावर बोलताना उडालेला थुंकीचा सूक्ष्म थेंब. तो नाणे कॅप्सूलमध्ये बसवण्याआधीच पडलेला असू शकतो. कॅप्सूल न उघडल्याने डाग पडणार नाही, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

तुमच्यासाठी सल्ला असा. पिवळ्या झाकेला हात लावू नका, साठवण बदला. ठिपक्यांसाठी एकदा तेल-चिकटा विरघळवणाऱ्या अ‍ॅसिटोनचे स्नान देऊन पाहा. काळा डाग त्याने जाईलच असे नाही, पण मधला सेंद्रिय कण सुटला तर डागाची वाढ थांबण्याची चांगली शक्यता असते.

प्रश्न : अ‍ॅसिटोन वापरा असे सगळे सांगतात, पण नेमके कसे, ते कोणी सांगत नाही. एकदा मी वापरले तर आधी नव्हते ते पाण्यासारखे वळ नाण्यावर उठले.

तुमचे वळ कशाने उठले असावेत ते शेवटी सांगतो. आधी पद्धत.

अ‍ॅसिटोन शुद्ध हवे, प्रयोगशाळेच्या दर्जाचे. नखांचे रंग काढण्याचे द्रावण चालत नाही. त्यात तेल, सुगंध, रंग मिसळलेले असतात आणि तेच नाण्यावर उरतात. झाकणाच्या दोन रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या घ्या. प्लास्टिकची भांडी नकोत. अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीन आणि अ‍ॅक्रिलिक विरघळवते, आणि कॅप्सूल याच दोन प्लास्टिकच्या असतात. पीव्हीसीचे टोपण लावलेला चिमटाही चालणार नाही. टोपण मऊ होऊन त्याचाच चिकटा नाण्याला लागतो.

खिडक्या उघड्या ठेवा. अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. त्या खोलीत शेगडी, उदबत्ती, हीटर काहीही चालू नको.

दोन्ही बरण्यांत नाणे पूर्ण बुडेल इतके, साधारण ५० मिलिलिटर, अ‍ॅसिटोन ओता. नाणे कडेने धरून पहिल्या बरणीत तिरपे सरकवा, वरून टाकू नका. आरसा काचेवर आपटला तरी खूण उमटते. झाकण लावून पाच ते दहा मिनिटे ठेवा. अधूनमधून बरणी अलगद गोल फिरवा. कापसाची काडी, ब्रश, बोट, काहीही नाण्याला लावायचे नाही. कण सुटायचा असेल तर आपोआप सुटेल. दाबून पुसलात तर तोच कण आरशावर केसासारखा चरा ओढत जाईल. मग नाणे दुसऱ्या, ताज्या अ‍ॅसिटोनच्या बरणीत एक मिनिट. ही दुसरी अंघोळ बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच चुकते. पहिल्या बरणीत विरघळलेली घाण अ‍ॅसिटोन उडून गेले की नाण्यावर पातळ पसरून वाळते. आधी एक ठिपका होता, आता पूर्ण आरशावर धुके.

बाहेर काढल्यावर नाणे कडेवर तिरपे टेकवून वाळू द्या. पुसू नका, तोंडाने फुंकर मारू नका. रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा दिली तर चालते. दाबाखालच्या हवेचा डबा नको, त्यातून द्रवाचे थेंब उडतात. वापरलेले अ‍ॅसिटोन पुन्हा वापरू नका.

तुमचे वळ : अ‍ॅसिटोन इतक्या झपाट्याने उडते की नाणे गार पडते. हवा दमट असेल तर त्या गार आरशावर हवेतली वाफ दवासारखी जमते आणि वाळताना वळ ठेवून जाते. कोरड्या दिवशी काम करा. ते शक्य नसेल तर शेवटची अंघोळ ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची द्या. ते सावकाश उडते, म्हणून नाणे तितके गार होत नाही. ७० टक्क्यांचे घेऊ नका, उरलेले ३० टक्के पाणीच असते. तुमचे आताचे वळ नुसत्या पाण्याचे असतील तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, मग अल्कोहोलच्या अंघोळीने जाऊ शकतात.

आणि एक इशारा, जो विसरला की रडायची वेळ येते. ज्या प्रूफ नाण्यावर रंगीत चित्र छापले आहे, मीना किंवा लाखेचा थर आहे, त्याला अ‍ॅसिटोन लावूच नका. रंग बरणीत उतरेल.

प्रश्न : चांदीच्या नाण्यावर पांढरे, दुधाचे थेंब सुकल्यासारखे डाग आहेत. अ‍ॅसिटोनने तसूभरही फरक पडला नाही.

पडणारच नव्हता. हे दुधी डाग टांकसाळीतूनच येतात. चकती धुण्याच्या द्रावणाचा अंश तिच्यावर राहतो, पुढे चकती मऊ करण्यासाठी भट्टीत तापवली जाते तेव्हा तो धातूला भाजून बसतो, असे त्याचे कारण मानले जाते. गंमत अशी की नाणे हातात येते तेव्हा ते स्वच्छ असते. डाग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी उमटतात. त्यामुळे विकणाऱ्याला किंवा स्वतःच्या कपाटाला दोष दिला जातो. शुद्ध चांदीच्या नाण्यांत ही तक्रार इतकी जुनी आहे की रॉयल कॅनेडियन मिंटने २०१८ मध्ये मॅपल लीफ या गुंतवणुकीच्या नाण्यांसाठी 'मिंटशील्ड' नावाची खास प्रक्रिया आणली.

खोडरबराने हे डाग काढून दाखवणारे लोक आहेत. खोडरबर म्हणजे अतिबारीक पॉलिश कागदच. डाग जातो आणि त्या जागी आरशावर एक मंद, खरवडलेला पट्टा राहतो. प्रूफ नाण्यावर असे करू नका. दुधी डाग असलेले नाणे तसेच ठेवणे किंवा नवे असतानाच बदलून मागणे, एवढेच दोन मार्ग आहेत.

प्रश्न : बाजारातल्या 'डिप'मध्ये नाणे बुडवले की क्षणात पांढरेशुभ्र होते. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा आणि सोड्याचा उपायही बिनधोक म्हणतात, कारण त्यात चांदी परत मिळते. प्रूफ नाण्यावर काय वापरावे?

दोन्ही नको, हे आमचे मत स्पष्ट आहे. पण का, ते समजून घेतले तरच मोह आवरेल.

डिप म्हणजे बहुधा आम्ल आणि थायोयुरिया यांचे द्रावण. ते सिल्व्हर सल्फाइड विरघळवते. त्या सल्फाइडमधली चांदी नाण्याचीच होती, ती द्रावणाबरोबर वाहून गेली. थर फिकट पिवळा असेल तर गेलेली चांदी नगण्य असते आणि नाणे खरेच छान दिसते. थर निळा-काळा असेल तर तो उतरल्यावर खाली खडबडीत पृष्ठ उघडे पडते. डोळ्याला तो खडबडीतपणा दिसत नाही, पण उजेड विखुरतो आणि आरसा राखाडी होतो. दुधी उठावाचेही तेच. त्याची बारीक दाणेदार रचना प्रत्येक बुडवणीला थोडी बोथट होते आणि चित्र व पार्श्वभूमीतला ठळक फरक, ज्यासाठी प्रूफ नाणे घेतले, तोच ओसरतो.

बिघाड आणखी एका ठिकाणी होतो : धुण्यात. अक्षरांच्या कोपऱ्यांत आणि दातेरी कडेत द्रावण अडकते. काही आठवड्यांनी तिथूनच पिवळे-तपकिरी ओघळ निघतात. अनुभवी माणसे पातळ केलेल्या द्रावणात दोन-तीन सेकंदच बुडवतात आणि लगेच भरपूर डिस्टिल्ड पाण्याने, पाणी दोन-तीनदा बदलून धुतात. शिकायचेच असेल तर चांदीच्या चलनी नाण्यावर शिका. हातमोजे घाला. थायोयुरिया कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. सोन्याचा मुलामा दिलेले, मुद्दाम काळवून 'अँटिक' केलेले आणि तांब्याचे नाणे डिपमध्ये कधीही नको. तांबे अनैसर्गिक गुलाबी होते आणि पुन्हा मूळ रंगावर येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचे रसायन खरे आहे. सोड्याच्या गरम पाण्यात अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजते आणि सल्फाइडमधल्या चांदीचे पुन्हा धातूत रूपांतर करते. चांदी परत मिळते हे खरे, पण कशी मिळते ते पाहा. ती आरशाच्या जागी आरसा होऊन बसत नाही. सच्छिद्र, भुसभुशीत कणांच्या रूपात बसते. जेवणाच्या काट्याचमच्यांना ते चालते, कारण पुढे कापडाने घासून ती बसवली जाते. प्रूफ नाण्याला घासणे म्हणजे शेवट. शिवाय कागद जिथे टेकतो तिथे प्रक्रिया जोरात होते आणि नाण्यावर ठिगळासारखे पट्टे उमटतात.

टूथपेस्ट, लिंबू, कोरडा सोडा, भांड्यांची पावडर यांबद्दल अनेकांनी विचारले आहे. सगळ्यांना एकच उत्तर : नाही. अल्ट्रासॉनिक यंत्रही नको. त्यात नाणे तळाशी थरथरत राहते आणि त्याच जागी खुणा पाडून घेते.

नाणे मौल्यवान असेल आणि थर गडद होत चालला असेल, तर नाण्यांच्या प्रतवारी संस्थांशी जोडलेल्या संवर्धन विभागांकडे पाठवणे बरे. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून ठेवा.

प्रश्न : तांब्याच्या आणि कांस्याच्या प्रूफ नाण्यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके येतात. हेच लोक 'कार्बन स्पॉट' म्हणतात का?

म्हणतात, पण त्यात कार्बनचा संबंध असेलच असे नाही. तांबे चांदीपेक्षा फार हळवे. त्याला गंधक बाधतो, क्लोराइड बाधते, ओलावा बाधतो, आणि प्राणवायूही बाधतो. एखादा खारट सूक्ष्म थेंब पडला की त्याखाली तांबे झिजू लागते. तिथे तयार झालेला पदार्थ ओल धरून ठेवतो आणि ठिपका खाली खोल जातो. म्हणून जुना काळा ठिपका खरवडून काढला तर खाली खळगाच सापडतो. तांब्याच्या प्रूफ नाण्यावर बोलताना तोंडावर मास्क ठेवा, इतकी साधी काळजी सगळ्यांत मोलाची आहे.

ठिपका काळा आणि कोरडा असेल तर अ‍ॅसिटोनची छोटी अंघोळ, पूर्ण कोरडे करणे आणि कोरडी साठवण. फिकट हिरवी पूड दिसत असेल तर प्रकरण गंभीर आहे. तो क्लोराइडचा कळंक असू शकतो, आणि ओल मिळत राहिली तर तो स्वतःला पोसत वाढतो. असे नाणे लगेच बाकीच्यांपासून वेगळे करा.

एक पोटप्रश्न होता : तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताच्या नाण्याचा. अमेरिकेचा सेंट १९८२ मध्ये असा झाला, तेव्हापासून त्यात ९७.५ टक्के जस्त आहे. अशा नाण्यावर फोड आलेले दिसले तर रोग आत आहे. मुलाम्याला सूक्ष्म भोक पडले की खालचे जस्त आधी झिजते. कोणतेही आम्ल त्याला घातकच.

प्रश्न : सोन्याला काहीच होत नाही ना? मग माझ्या २४ कॅरेटच्या प्रूफ नाण्यावर तांबूस ठिपका कुठून आला?

सोन्याला नाहीच झाले. ठिपका तांब्याचा किंवा दुसऱ्या एखाद्या हलक्या धातूचा आहे, जो चकती लाटताना किंवा ठसा पडताना पृष्ठात दाबला गेला. नवा असताना तो सोन्यात मिसळून दिसत नाही, काही काळाने तेवढाच काळवंडतो. ९१.६७ टक्के सोन्याच्या, म्हणजे २२ कॅरेटच्या नाण्यात तांबे मुद्दाम मिसळलेले असते. ते नीट एकजीव झाले नसेल तर पुंजके राहतात. आम्लाने ठिपका काढला तर जागी खड्डा पडतो, ज्योतीवर तापवले तर आरसा जातो. तांबूस ठिपका सोन्याच्या नाण्यावर जन्मखुणेसारखा समजावा.

प्रश्न : जुन्या अल्बममधून काढलेल्या नाण्यांवर हिरवट, चिकट थर आहे. अल्बम कशाचा आहे ते कसे ओळखावे?

हा पीव्हीसीचा चिकटा. पीव्हीसी मुळात कडक असते. पाने मऊ राहावीत म्हणून त्यात तेलासारखी रसायने घालतात. वर्षे गेली की ती झिरपून नाण्यावर येतात आणि प्लास्टिक कुजताना निघणारे आम्ल तांब्याला हिरवे करते. चांदीच्या नाण्यातही जेवढे तांबे असेल तेवढा हिरवा रंग येतो, म्हणून ५० टक्के चांदीच्या नाण्यांवर तो जास्त गडद दिसतो. अशा भारतीय नाण्यांच्या मिश्रधातूत ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त असते.

हा डाग वर बसलेल्या जातीचा आहे, तेव्हा लवकर हालचाल केली तर नाणे वाचते. वर सांगितल्याप्रमाणेच अ‍ॅसिटोन, फक्त पहिली अंघोळ तासभर, थर जाड असेल तर झाकण घट्ट लावून रात्रभर, आणि अ‍ॅसिटोन हिरवट दिसले की बदलायचे. आम्लाने आरसा खाल्ला असेल तर चिकटा गेल्यावर तिथे मंद डाग दिसेल. तो अ‍ॅसिटोनचा दोष नव्हे, तो आधीच झालेला होता.

ओळखायची कसोटी : तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, तिने प्लास्टिकच्या कोपऱ्याचा एक तुकडा टोचून घ्या आणि तार परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. ही कसोटी खिडकीजवळ करा, धूर नाकात जाऊ देऊ नका, आणि अ‍ॅसिटोनच्या बरण्या तेव्हा त्या खोलीत नकोत. कसोटीशिवाय अंदाज करायचा तर नव्या शॉवरच्या पडद्यासारखा वास आणि मऊ, चिकटसर स्पर्श या पीव्हीसीच्या खुणा. त्याऐवजी पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनची पाने घ्या.

प्रश्न : पाहुण्याने आत्ताच नाण्याच्या आरशावर बोट ठेवले. काय करू?

आजच अ‍ॅसिटोन. बोटाच्या ठशात तेल आणि मीठ दोन्ही असते. तेल अ‍ॅसिटोनमध्ये जाते, मीठ जात नाही. म्हणून आधी अ‍ॅसिटोन, मग डिस्टिल्ड पाण्यात काही सेकंद, मग पुन्हा ताजे अ‍ॅसिटोन. नळाचे पाणी नको, त्यात क्लोरीन असते. ठसा आठवडे-महिने राहिला तर बोटाच्या रेषा धातूत कोरल्या जातात आणि मग त्या कशानेही निघत नाहीत.

प्रश्न : साठवण कशी असावी? मी सागाच्या पेटीत मखमलीच्या खाचांत नाणी ठेवतो.

पेटी देखणी आहे यात शंका नाही, पण तिथे फक्त रिकामी कॅप्सूल ठेवा. लाकडातून, विशेषतः ओक आणि एमडीएफसारख्या दाबलेल्या फळ्यांतून, सेंद्रिय आम्लांची वाफ निघत राहते. मखमलीचा रंग आणि गोंद काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. लोकर, रबर, रबरबँड यांत गंधक असतो. एकच रबरबँड बंद डब्यात राहिला तर चांदीवर त्याची सावलीसारखी रेघ उठलेली दिसते. टांकसाळीच्या मूळ पेटीलाही हेच लागू. ती आणि प्रमाणपत्र नाण्यापासून वेगळे ठेवा, कारण पुठ्ठा गंधकाचे घर आहे. कागदाला फार कोरडेपणाही सोसत नाही.

नाणे अ‍ॅक्रिलिकच्या, नेमक्या मापाच्या कॅप्सूलमध्ये. माप मोठे असेल तर नाणे आत खडखडते आणि आरशाच्या कडा झिजतात. फोमचे काळे कडे घातलेली कॅप्सूल घेताना ते पॉलिइथिलीनचे आहे का विचारा. वाईट फोमने कडेभोवती रंगाचे कंकण येते. कॅप्सूल झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, डब्यात सिलिका जेल आणि गंधक शोषणारी पट्टी.

सिलिका जेलबद्दल थोडा हिशेब. पाच लिटरच्या डब्यात ३० अंशाला ८० टक्के आर्द्रतेची हवा असेल तर त्यात पाणी असते जेमतेम ०.१२ ग्रॅम. ५० ग्रॅम जेल याच्या कित्येक पट पाणी ओढू शकते. मग ते लवकर संपते कशाने? झाकण पुन्हापुन्हा उघडल्याने, सैल झाकणाने आणि आत ठेवलेल्या पुठ्ठ्याने, जो स्वतःच ओलाव्याचा साठा असतो. पुठ्ठा काढा आणि डबा महिन्यातून एकदाच उघडा. केशरी जेल हिरवे झाले की १२० अंशाच्या आसपास दोन-तीन तास तापवून, पूर्ण गार करून परत ठेवा. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ५० च्या खाली, शक्य तर ४० च्या आसपास राखा.

पण जेल फक्त ओलावा ओढते, गंधक नाही. त्यासाठी तांब्याचे कण मिसळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या किंवा पट्ट्या मिळतात. त्या स्वतः गंधकाला बळी पडतात आणि चांदीला वाचवतात. पट्टी सहा महिने ते वर्षभराने बदलायची. तारीख पट्टीवर नको, डब्यावर लिहा, मार्करच्या शाईची वाफही आत कोंडते.

प्रश्न : विकत घेताना आधी 'धुतलेले' प्रूफ नाणे कसे ओळखायचे?

एका दिव्याखाली नाणे कलते करून गोल फिरवा. आरशावर एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या रेषा दिसल्या तर कोणीतरी पुसले आहे. रेषा उठावाच्या जरा अलीकडेच थांबत असतील तर खात्रीच समजा, कारण कापड चित्राला अडखळते. मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. ठसा घोटताना त्यावर पडलेल्या रेषा नाण्यावर उंच उठून येतात. १० पट भिंगाखाली त्या फुगीर दिसतात आणि अक्षरांच्या अगदी पायथ्यापर्यंत जातात. पुसल्याच्या रेषा खोलगट असतात. हा फरक न कळल्याने चांगली नाणी नाकारली जातात.

डिपमध्ये बुडवलेल्या नाण्याची चाहूल रंगावरून लागते. जुन्या चांदीच्या नाण्यावर कुठेही, अक्षरांच्या बेचक्यांतही, रंगाचा लवलेश नसेल आणि आरसा मात्र किंचित राखाडी असेल, तर शंका घ्या. दोन बाजूंची चमक वेगळी असेल तरीही. विक्रेत्याकडून दिव्याच्या दोन वेगवेगळ्या कोनांतले फोटो मागा. समोरून घेतलेल्या एकाच फोटोत धुके, केसरेषा आणि दुधी डाग तिन्ही लपतात. आणि स्वतः विकताना नाण्याला अ‍ॅसिटोन दिले असेल तर तसे लिहून द्या. त्याने धातू बदलत नाही, त्यामुळे त्यात लपवण्यासारखे काही नसते. डिप केले असेल तर तेही सांगा, कारण पुढच्या मालकाने पुन्हा डिप केले तर उरलेला आरसाही जाईल.